बीपी नॉर्मल आलं ना? मग गोळी बंद करा!

गणपती जवळ आले की मंडळांना आपल्या प्रकृतीची काळजी वाटू लागते. परवाच्या रविवारी आमच्या भागातल्या एका मंडळाने मोफत रक्तदाब तपासणी शिबिर घेतलं. हॉल दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद, खाली ढोल-ताशाचा सराव, आणि पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच गुंडाळलेला. ज्यांना १६४/१०० आलं त्यांना रांगेतले एक काका सांगत होते, ‘गोळी सुरू करू नका हं, एकदा सुरू झाली की आयुष्यभर!’ आणि ज्यांना १२६/७८ आलं त्यांना तेच काका म्हणाले, ‘नॉर्मल आहे की, मग गोळी कशाला खाता?’ एका दमात दोघांवरही उपचार करून मोकळे. या समाजकार्याला हातभार लागावा म्हणून पुढचं मार्गदर्शन.

बीपी मोजायला जाताना जिना चढूनच जावं आणि धाप लागलेली असतानाच हात पुढे करावा. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं असतं म्हणे; तेवढा वेळ कुणाला आहे? निघताना घोटभर चहा घ्यावा, सवय असेल तर तंबाखूचा बार भरावा. अर्धा तास आधी यातलं काही नको हा नियम ज्यांनी केला त्यांना आपलं आदरातिथ्य ठाऊक नसावं. लघवी लागली असली तरी रांग सोडू नये, नंबर जातो. तुंबलेल्या मूत्राशयाने वरचा आकडा दहा-पंधराने सहज चढतो, तेवढीच भर.

बसायला स्टूल निवडावं. पाठ टेकायची नाही, पायावर पाय टाकायचा आणि हात खाली सोडून द्यायचा. कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा तो पट्टा, हृदयाच्या पातळीला, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या साधारण मध्यावर यावा लागतो, त्यासाठी हाताखाली टेबल किंवा उशी लागते. हात दहा सेंटिमीटर खाली लोंबला की आकड्यात सात-आठची वाढ फुकटात मिळते. मग मोजणाऱ्या ताईंशी गप्पा सुरू कराव्यात. बोलल्याने बीपी वाढतं हे त्यांना माहीत असतंच, पण ‘काय मग, मुलगा काय करतो?’ हा प्रश्न नेमका पट्टा फुगतानाच विचारला जातो, आणि त्याला उत्तर न देणं उद्धटपणाचं दिसतं.

कफचं माप विचारू नये. सगळ्या शिबिराला मिळून एकच कफ असतो आणि तो बहुतेक २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी बनवलेला असतो. हे त्याच्यावर छापलेलं असतं, गुंडाळताना बाण कुठल्या रेषांमध्ये यायला हवा तेही दाखवलेलं असतं, पण छापील गोष्टी वाचायच्या असतात असं कोण म्हणतो? ज्यांचा दंड ३६ सेंटिमीटरचा आहे त्यांनाही तोच आवळावा, मध्येच ‘चर्रर्र’ करत सुटला तर दोन्ही हातांनी धरून ठेवावा. छोटा पट्टा मोठ्या दंडाला लावला की धमनी दाबायला जास्त हवा भरावी लागते आणि आकडा खोटाच फुगतो. हा शोध कालचा नाही. १८९६ साली इटलीत रीव्हा-रोची यांनी दंडाला गुंडाळायचा पट्टा काढला तेव्हा तो जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद होता. १९०१ मध्ये फोन रेक्लिंगहाउझेन यांनी दाखवून दिलं की अरुंद पट्टा आकडा वाढवून सांगतो, आणि पट्टा बारा-तेरा सेंटिमीटरचा झाला. त्यानंतर १९०५ मध्ये कोरोटकॉफ यांनी स्टेथोस्कोपने कोणता आवाज कधी ऐकायचा ते सांगितलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी जे कळलं होतं ते आपल्या मंडळापर्यंत पोचायला अजून थोडा अवकाश आहे, एवढंच.

मोजणाऱ्यांसाठीही एक सूचना आहे. काट्याचं यंत्र असेल तर काटा सेकंदाला दोन-तीन आकडे (पाऱ्याचे मिलिमीटर) उतरेल अशी हवा हळूहळू सोडू नका, भसकन सोडा. त्याने वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त ऐकू येतो, आणि घोळ दोन्हीकडून समान वाटला जातो. शेवटी सगळ्यांच्या कार्डावर १३०/८० लिहावं. कुणाचंच मन दुखवत नाही.

दुसऱ्यांदा मोजू नये. पहिल्यांदा मोजताना दोन्ही हातांवर मोजावं आणि ज्या हाताचा आकडा जास्त तोच हात पुढे कायम वापरावा, असल्या भानगडीत तर मुळीच पडू नये.

एवढं करून जो आकडा आला तो ब्रह्मवाक्य मानावा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चढा आला तर भिंतीला टेकून बसावं आणि घरी गेल्यावर दर दहा मिनिटांनी, रात्री दोनपर्यंत, मोजत राहावं. भीतीने तो आणखी चढेल, मग आणखी मोजावं. रोज सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, गोळी आणि नाश्त्याच्या आधी, एक मिनिटाच्या अंतराने दोनदा आणि रात्री पुन्हा दोनदा, असं सात दिवस मोजा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा, ती १३५/८५ च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवा, अशी एक कंटाळवाणी पद्धत आहे. तिच्यात थरार नाही.

आता घरगुती उपाय.

मीठ सोडायचं म्हणजे पांढरं मीठ सोडून सैंधव सुरू करायचं. ते गुलाबी असतं, डोंगरातून येतं, महाग असतं, तेव्हा त्यात सोडियम असणं शक्यच नाही! (असतं. तेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच. वर बहुधा आयोडीन नसतं.) दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. आपण तो चमचा भाजीपुरता समजावा. लोणच्याची फोड, पापड, फरसाण, चहाबरोबरची खारी, ताकातली चिमूट, खारवलेला बांगडा, हे सगळं मिठाच्या हिशेबात धरायचं नसतं. पापडखारातही सोडियमच असतं आणि पित्तावर पाण्यात फसफसवून प्यायच्या पुडीतही, पण तिथे ‘मीठ’ खारट लागत नाही, सबब ते नाही.

‘लो सोडियम’ मीठ मिळतं ते डॉक्टरांना न विचारता आणावं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. किडनी अशक्त असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पण आरोग्यदायी म्हणून पुडक्यावर हिरवं पान छापलेलं असतं ना.

खोकला आला तर ज्येष्ठमधाचा काढा महिनाभर, दोन वेळा. ज्येष्ठमध बीपी वाढवतो आणि पोटॅशियम उतरवतो, हे कुणाला सांगू नका. आणि खोकला मुळात आला कशाने तेही विचारू नका. एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्यांनी काहींना कोरडा, घशात खाजवणारा खोकला येतो. गोळी बदलून सार्टन गटातली (टेल्मिसार्टनसारखी) दिली की जातो. पण डॉक्टरांना सांगितलं तर लगेच सुटका होईल. त्यापेक्षा तीन महिने कफ सिरप प्यावं, त्यात नाक मोकळं करणारं औषध असेल तर बीपी आणखी चढतं, मग त्याच्यावर काढा. गुडघे दुखले की मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पट्टी आणावी. त्यानेही शरीरात मीठ-पाणी साठतं आणि बीपी वाढतं. वर लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टन चालू असेल तर किडनीचीही परीक्षा होऊन जाते.

बीपी एकदम वाढलं की जुनी कॅप्सूल फोडून जिभेखाली. निफेडिपिनची ही करामत १९९० च्या दशकातच घातक ठरून मागे पडली, कारण दाब धाडकन कोसळला की मेंदूला रक्त पुरत नाही. पण शेजारच्या आजोबांकडे अजून आहे एक पट्टी, मागून घ्या.

आणि आता मुख्य विषय. गोळी बंद कशी करायची.

अगदी सोपं आहे. गोळी घेताय, बीपी १२४/७८ आलंय, म्हणजे बरे झालात. तेव्हा अ‍ॅम्लोडिपिनची पट्टी कपाटात टाका. चार दिवसांनी मोजा. १२६/८०! बघा, गोळी नसतानाही नॉर्मल! डॉक्टर उगाच पैसे काढत होते! हे सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाका, अंगठे मिळतील. फक्त एक बारीकशी गोष्ट ग्रुपवर लिहू नका. अ‍ॅम्लोडिपिन रक्तातून सावकाश जातं. त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच ३० ते ५० तास लागतात, सगळं निघून जायला आठवडा उलटतो. चौथ्या दिवशी तुम्ही जे मोजलंत ते गोळी बंद केल्यानंतरचं बीपी नव्हतंच, ते गोळीचंच उरलेलं काम होतं. खरा आकडा दोन-तीन आठवड्यांनी वर येतो, आणि तोवर तुमचं मोजणं थांबलेलं असतं, कारण तुम्ही बरे झालेले असता! १६० झालं, १७० झालं, तुम्हाला पत्ता नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. नाहीच येणार. बहुतेकांना काहीच होत नाही, म्हणून तर मोजायचं असतं ना? डोकं दुखल्यावर बीपी कळायचं असतं तर यंत्र कशाला काढलं असतं? इकडे हृदयाची भिंत जाड होत राहते, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होत राहतात, डोळ्याच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसू लागतात, आणि तुम्ही ग्रुपवर गोळी सोडण्याचे धडे देता!

ही झाली अ‍ॅम्लोडिपिनची गोष्ट, ती निदान हळू जाते. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशीच एकदम सोडलीत तर धडधड, छातीत दुखणं, ज्यांना आधीच हृदयविकार आहे त्यांना थेट झटका येऊ शकतो. क्लोनिडिन सोडलंत तर एक-दोन दिवसांत बीपी उसळतं. म्हणूनच डॉक्टर कमी करताना पायरी-पायरीने करतात. करतात, हो! वजन उतरलं, मीठ कमी झालं, चालणं वाढलं की डोस कमी होतो, कधीकधी गोळी सुटतेसुद्धा. पण मोजमाप ठेवून, त्यांच्या देखरेखीखाली. कपाट उघडून पट्टी आत फेकून नव्हे.

पुरे झाली चेष्टा. ‘गोळीची सवय लागते’ म्हणता, कसली सवय? चष्म्याची लागते तशीच ना? काढला की दिसत नाही, म्हणून चष्म्याने डोळे बिघडवले म्हणायचं का? ‘गोळीने किडनी जाते’ म्हणता. किडनी जाते ती न आवरलेल्या बीपीने. मधुमेह्याच्या लघवीतून प्रथिनं जात असतील तर हीच टेल्मिसार्टन-रॅमिप्रिल किडनी वाचवायला देतात. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत रक्तातलं क्रिअ‍ॅटिनिन (त्यावरून किडनीचं काम कळतं) आणि पोटॅशियम तपासायचं असतं, तेवढं तपासा की! घोट्यावर सूज आली तर ती अ‍ॅम्लोडिपिनची असू शकते, किडनी गेली असं नाही. डॉक्टर डोस कमी करतील, दुसरी जोडतील. पण ते त्यांना कळायला तुम्ही सांगायला नको का? तुम्ही गोळी सोडता, विचारल्यावर ‘रोज घेतो’ म्हणता, डॉक्टर समोर १७० बघतात आणि दुसरी गोळी वाढवतात. मग एक दिवस घाबरून दोन्ही एकदम घेता आणि बाथरूममध्ये चक्कर येऊन पडता. दोष कुणाचा? गोळीचा, अर्थात!

आणि तुम्ही, रांगेत उभे राहून सल्ले वाटणारे उंटावरचे शहाणे. दुसऱ्याची गोळी बंद केलीत, आता दर आठवड्याला त्याच्या घरी कफ घेऊन जाणार आहात का? त्याचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, तर साडेचार तासांच्या आत त्याला सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात तुम्ही पोचवणार आहात का? नंतर वर्षभर त्याला उठवून बसवायला तुमच्या घरचं कोण येणार आहे? नाही ना? मग गप्प बसायला शिका.

ज्यांनी ऐकून गोळी सोडली आहे त्यांनी भरपाई म्हणून एकदम दोन-तीन गिळू नयेत. उद्या डॉक्टरांना फोन करा, किती दिवस बंद आहे ते खरं सांगा. ओरडतील, ऐकून घ्या.