यादीत नाव नाही म्हणून वारसाच नाही?

आमच्या भंडारा-गडचिरोलीकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरतोय. त्यात म्हटलंय: युनेस्कोच्या यादीत विदर्भाचं एकही ठिकाण नाही, म्हणजे आपल्याकडे वारसा असा नाहीच. जुनं देऊळ पाडून नवं बांधलं तरी देव तोच, वारसा तोच. दंडार, खडी गंमत ही आपली लोकनाट्यं नुसती करमणूक. आणि वारशाचा अभ्यास हा पोट भरलेल्यांचा उद्योग. माझ्या मावसभावानंही तो मला पाठवला, म्हणून लिहायला बसले.

यादीचं म्हणणं अर्धं खरं आहे. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले यादीत गेले, त्यातले 11 महाराष्ट्रातले, विदर्भातला एकही नाही. पण युनेस्कोच्या 1972 च्या करारानुसार ठिकाण सुचवायचं असतं त्या देशाच्या सरकारनं. ज्याची शिफारसच झाली नाही ते यादीत येणार कुठून? आणि 1983 पासून यादीत असलेलं अजिंठा घ्या. तिथल्या 16 व्या लेण्यात ते कोरवून घेणाऱ्या वराहदेवाचा शिलालेख आहे. हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम.

देवळाच्या मुद्द्यावर मात्र मला थांबायचंय, कारण हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझ्या आजोळी एक हेमाडपंती देऊळ आहे. चुना नाही, दगडात दगड अडकवून उभं केलेलं. काही वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून त्याला आतून-बाहेरून ऑइलपेंट दिला, मनापासून, देवाची सेवा म्हणून. दोन पावसाळ्यांत रंगाला पोपडे आले. दगडातली ओल बाहेर पडायला वाटच राहिली नव्हती. एक पोपडा मी हातात घेतला तर त्याच्या आतल्या बाजूला दगडाची भुकटी चिकटलेली, आणि चौथऱ्यावरच्या हंसांच्या ओळीतल्या एका हंसाची चोच त्याच्याबरोबर निघून आलेली. आता तेच देऊळ पाडून सिमेंटचं बांधायचं चाललंय. ‘देव तोच राहते ना गा,’ असं सगळे म्हणतात.

देव तोच राहतो, हे मलाही मान्य. वारशाच्या अभ्यासात हा वाद जुना आहे: अस्सलपणा वस्तूत असतो की ती घडवण्याच्या रीतीत? जपानमधलं इसे इथलं देवस्थान दर 20 वर्षांनी नव्यानं बांधतात, तरी ते जुनंच मानलं जातं. 1994 साली जपानमध्येच, नारा इथं, जगभरच्या जाणकारांनी मान्य केलं की अस्सलपणाचं एकच माप सगळ्या संस्कृतींना लावता येत नाही. पण इसेला लाकूड तसंच, सांधे तसेच, आणि जुन्या सुताराच्या हाताखाली नवा सुतार तयार होतो. सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंती पुन्हा पुन्हा लिंपाव्या लागतात, तरी ती बापूकुटीच राहते, कारण लिंपणं म्हणजेच ती राखणं. आपण हेमाडपंती पाडून कॉलम-बीम उभे केले तर दगडही जातो आणि दगड बसवायची रीतही. मग तोच वारसा म्हणायला उरलं काय?

दंडारीबद्दल फार बोलायची गरज नाही. 2003 च्या युनेस्को करारात अमूर्त वारशाची, म्हणजे कला, रूढी, कौशल्यं यांची, व्याख्याच अशी आहे की लोक ज्याला स्वतः आपला वारसा मानतात तो. दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे जत्रेच्या, रात्री दंडार बघत उघड्यावर पहाटेपर्यंत बसणाऱ्या माणसांनी हे कधीच ठरवलंय. करमणूक आहे म्हणून वारसा नाही, हे कुठून आलं?

राहिला अभ्यासाचा उपयोग. या विषयात एक मोठा वाद आहे की वारसा कोणता हे तज्ज्ञ आणि सरकारच का ठरवतात. आमचे मामा तलाव बघा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, सारा वसूल करणाऱ्या जुन्या मालगुजारांच्या काळचे. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. पाळ कोणी बांधायची, गाळ कोणी काढायचा, कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, आधी पाणी सोडायचं, ही गावची घडी विस्कटली. तलावाला कोणी वारसा म्हटलंच नाही, म्हणून तो राखायचा असतो हेही कोणाला सुचलं नाही. आमच्या गावच्या म्हाताऱ्या पाणकराला, म्हणजे तलावाचं पाणी वाटून देणाऱ्याला, पाण्याची पाळी अजून तोंडपाठ आहे. ती कागदावर कुठंच नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या ओसरीवर बसून मी 2 वह्या भरल्या.

भाऊ, आजोळच्या देवळाचा विषय पुढच्या ग्रामसभेत आहे. तू ये. पाडायच्या आधी निदान तो रंग उतरवून आत काय कोरलंय ते सगळ्यांना एकदा बघू दे, एवढंच मी मागणार आहे.