पोत्यावर लिहिलंय, सर!

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 34 फूट होतं, त्यामुळं बोलायला निवांतपणा होता. 40 च्या पुढं गेलं की आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघत नाही. बंडूनानांनी भडंगाचा कागद मधोमध पसरला, कांदा-लिंबू आलं, आणि देशपांडे सरांनी खिशातून मोबाईल काढला.

सर महिन्यापूर्वी युरोपची टूर करून आले. बारा दिवसांत सहा देश, त्यात रोमला दीड दिवस. तेव्हापासून डोक्यावरची लाल ‘रोमा’ टोपी उतरलेली नाही आणि ‘आम्ही रोमला असताना’ याशिवाय वाक्य सुरू होत नाही. त्यात ती स्वतःची भेग स्वतः बुजवणाऱ्या रोमन काँक्रीटची बातमी परत सगळ्यांच्या ग्रुपवर फिरून गेलेली.

“आम्ही रोमला असताना हा पूल पाहिला,” सर म्हणाले. “पोन्स फाब्रिसियस. इसवी सनापूर्वी 62! शालिवाहन शकसुद्धा सुरू व्हायचा होता तेव्हा. लोक आजही त्यावरून चालतायत. आणि आपले पूल? उद्घाटनाचे हार वाळायच्या आत खड्डे! रोमन काँक्रीट हे एक रहस्य होतं. त्यांच्याबरोबर गेलं. विद्या गेली हो, विद्या गेली!”

“गेली म्हंजे कुठं गेली?” शौकतचाचांनी विचारलं.

चाचांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. आमच्या गल्लीतली निम्मी घरं त्यांच्या ओळंब्यानं उभी आहेत.

“लुप्त झाली,” सर म्हणाले. “ज्वालामुखीची राख घालायचे ते चुन्यात. पोझोलाना म्हणतात तिला. नेपल्सजवळ पोत्सुओली म्हणून गाव आहे, तिथली. आम्ही बसमधून पाहिलं.”

“पोझोलाना,” चाचांनी शब्द तोंडात घोळवला. “सर, गेल्या साली तुमच्या वरच्या खोलीला सिमेंट आणलं, त्या पोत्यावर काय लिहिलंय बघितलाय कधी?”

“कंपनीचं नाव असेल.”

“त्याच्या खाली. पीपीसी. पोर्टलंड पोझोलाना सिमेंट. तुमची लुप्त झालेली विद्या तुमच्याच जिन्याखाली आठ दिवस पडून हुती. वर सायकल ठेवली हुती तुम्ही.”

बंडूनानांना ठसका लागला. प्रणव तर उठूनच उभा राहिला. हा पोरगा पुण्यात पुलांची डिझाइनं करतो, शनिवारी-रविवारी गावी येतो. “चाचा, एक नंबर!” तो म्हणाला. “औष्णिक वीजकेंद्रातली राख असते त्यात. काम तेच. नुसता चुना पाण्याखाली धरत नाही. राखेतली सिलिका चुन्याला मिळाली की पाण्यातसुद्धा दगडासारखा घट्ट होतो.”

“आमचा आज्जा राख कुठनं आणणार?” चाचा म्हणाले. “तो सुर्खी घालायचा. भाजलेल्या विटंचा चुरा. बैल लावून घाण्यात चुना मळायचा, दोन-दोन दिवस.”

हे ऐकून मला राहवलं नाही. विट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थपतीनं हेच लिहून ठेवलंय. नदीची वाळू वापरणार असाल तर तिच्यात तिसरा हिस्सा खापराचा चुरा चाळून घाला, चुना चांगला धरेल. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस आणि घाण्यामागं चालणारा चाचांचा आजा, दोघांच्या हाताला एकच गोष्ट कळली होती. मला यात रहस्यापेक्षा मोठं काहीतरी दिसतं. मी तसं बोललो, तर सर म्हणाले, “पण ती भेग बुजते त्याचं काय? शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय!”

“केलंय की,” प्रणव म्हणाला. “2023 चा अमेरिकेतला अभ्यास. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे दिसतात. आधी वाटायचं, नीट मळलं नाही म्हणून राहिले. तर नाही, कळीचा, म्हणजे न विझवलेला चुना तसाच गरम-गरम कालवायचे. पुढं भेग पडली, पाणी आत गेलं, की ते खडे विरघळतात आणि भेगेत परत कॅल्साइट होऊन बसतात. मस्तच आहे ते. पण सर, ते नमुने एका गावाच्या तटबंदीचे होते. तुमचे पूल या कारणानं उभे नाहीत.”

“मग कशानं?”

प्रणवनं भडंगाच्या कागदावर पेननं कमान काढली. त्याचं म्हणणं असं. दगडाला दाबा, तो कितीही सोसतो. ताणा, लगेच मोडतो. अर्धगोल कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला फक्त दाबतो, आणि ते वजन घरंगळत खांबात, खांबातून पायात जातं. ताण कुठं येतच नाही. फ्रान्समधला पों द्यु गार घ्या. तीन मजली, 49 मीटर उंच, त्यावरून पाणी जायचं. त्याच्या खालच्या दोन मजल्यांच्या कमानींत दगडांच्या सांध्यात चुनासुद्धा नाही. काही दगड सहा-सहा टनांचे. नुसते घासून बसवलेत. लाकडी साचा टेकवायला जे दगड बाहेर काढले होते, ते अजून तसेच आहेत.

“आणि आमच्या आरसीसीत ताण घ्यायला सळई,” प्रणव म्हणाला. “सळईशिवाय एवढे लांब, एवढे सडपातळ पूल होणारच नाहीत. पण सळई गंजते. गंज फुगतो, वरचं काँक्रीट सुटतं. जेनोआचा मोरांडी पूल 1967 ला सुरू झाला, 2018 ला पडला. 43 माणसं गेली. तोही इटलीतच, सर. रोमनांच्याच नातवंडांचा.”

“म्हणजे लोखंडच घातलं नाही म्हणून टिकले?” सरांना एकदम जोर आला. “आम्ही रोमला असताना गाइडनं सांगितलं, त्यांचा पहिला लाकडी पूल होता, त्याला लोखंडाचा खिळासुद्धा लावायचा नाही असा धर्मनियम होता! आणि त्यांच्या पुजाऱ्याला म्हणायचे पोंटिफेक्स. म्हणजे पूल बांधणारा! पोपला अजून तेच म्हणतात.”

हे मात्र सरांनी छान सांगितलं. सर वाचतात भरपूर, अडचण अशी की वाचलेलं सगळं एकाच पिशवीत भरतात. लगेच ते सिंधुदुर्गाच्या पायात ओतलेल्या शिशावर गेले, तिथून पुष्पक विमानाकडे वळणार होते, पण बंडूनानांनी त्यांच्या हातावर भडंग ठेवलं.

मला माझी बहीण आठवली. तिला गोव्यात रायबंदरला दिलीय. पणजीला जाते ती रोज पोर्तुगिजांच्या जुन्या बांधावरून. 1630 च्या दशकातला, खाली कमानी. त्याच पणजीत मांडवीवर 1970 साली नवा पूल झाला, तो 1986 च्या जुलैत कोसळला. सोळा वर्षांत. हे मी सांगितल्यावर सर टाळी मागायला पुढं झाले.

“थांबा, थांबा,” प्रणव म्हणाला. “महाडचं बोला की मग. सावित्रीवरचा पूल दगडी कमानींचाच होता. 1928 चा. 2016 च्या ऑगस्टमध्ये रात्री पुरात गेला, दोन एसट्या घेऊन.”

कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. पुलाखालून येणारा पाण्याचा आवाज ऐकू येत होता.

“तुम्ही उभे राहिलेले मोजता,” प्रणव हळू म्हणाला. “पडलेल्यांचे फोटो कोण काढतं? सर, तुमच्या फाब्रिसियसपासून चालत पाच मिनिटांवर नदीत एक एकटी कमान उभी आहे. पाहिली का?”

“पाहिली. पोन्ते रोत्तो. सेल्फी आहे माझा.”

“रोत्तो म्हणजे तुटका. रोममधला पहिला दगडी पूल तो. खांब इसवी सनापूर्वी 179 चे, दगडी कमानी नंतर चढल्या. पुरानं कितीदा तरी मोडला, पोपनं 1575 ला दुरुस्त केला, 1598 च्या पुरात अर्धा वाहून गेला. मग लोकांनी नाद सोडला. तेच रोमन, तीच तिबेर नदी, तोच चुना. एक उभा, एक तुटका. कुठं गेलं रहस्य?”

सर टोपी काढून डोकं खाजवायला लागले. मला वाटलं, प्रणवनं जिंकलं. पण चाचा कागदावरच्या कमानीकडे बघत होते. त्यांनी बोट कमानीवर न ठेवता खाली, खांबाच्या बुडाशी ठेवलं.

“पोरा, कमान तू झकास काढलीस. हितं काय हाय ते काढलंच न्हाईस. पूल वरनं पडत न्हाई, खालनं पडतो. पाणी खांबाला धडकतं, भोवरा होतो, पायाखालची वाळू उकरून न्हेतं. वर गाडीवाल्याला काय पत्ता? त्या फाब्रिशसच्या खांबाला मधी भोक हाय का न्हाई, सर, फोटोत बघा.”

सरांनी फोटो मोठा केला. होतं. दोन मोठ्या कमानी, मधल्या खांबात एक छोटी कमान, आरपार.

“आलं का ध्यानात? पूर चढला की पाण्याला वाट. अडवायचं न्हाई पाण्याला. ह्यो खरा मिस्त्री!”

आणि तो पूल अख्ख्या नदीवर नाही, बेट आणि काठ यांच्यामधल्या एका फाट्यावर आहे, हे प्रणवनं मान्य केलं. पाया कसा घालायचे तेही त्यानंच सांगितलं. नदीत खुंट ठोकून दुहेरी भिंत करायची, मधल्या पोकळीत बोरूच्या टोपल्यांतून माती दाबून भरायची, आतलं पाणी रहाटानं उपसायचं, कठीण थर लागेपर्यंत खणायचं. लागलाच नाही तर भाजून काळे केलेले लाकडी खुंट ठोकायचे. हे सगळं विट्रुव्हियसनं लिहिलंय, आणि चाचा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, ओळखीच्या माणसाची खुशाली ऐकावी तसे.

“आणि मग?” चाचा म्हणाले. “बांधून झाला, सोडून दिला?”

याचं उत्तर माझ्याकडं होतं, कारण फाब्रिसियस पुलावर जे कोरलंय ते मला पाठ आहे. रस्त्यांचा अधिकारी लुसियस फाब्रिसियस यानं हा पूल करवून घेतला आणि त्यानंच तपासून पास केला, असं कमानींवर कोरलंय. एकदा नाही, दोन्ही बाजूंना, दोन्ही कमानींवर. पुढं चाळीस वर्षांनी, इसवी सनापूर्वी 21 मध्ये, लोलियस आणि लेपिडस या दोन कॉन्सलांनी तो पुन्हा तपासला, आणि त्यांचीही नावं खाली आहेत. दोन वर्षं आधी मोठा पूर येऊन गेला होता. देशातल्या सगळ्यात मोठ्या पदावरच्या दोघांनी पुरानंतर पूल बघितला आणि ‘आम्ही बघितला’ असं दगडात लिहून दिलं.

“नाव आपल्याकडं पण असतंय की पुलावर,” बंडूनाना म्हणाले.

“असतंय,” चाचा म्हणाले. “फीत कापणाऱ्याचं. तपासणाऱ्याचं दाखवा एक.”

यावर प्रणवसुद्धा गप्प झाला. मला विचाराल तर सगळ्या चर्चेत हेच एक वाक्य खरं. स्पेनमध्ये आल्कांताराला ताहो नदीवर लासेर नावाच्या माणसानं सम्राट ट्राजानच्या काळात पूल बांधला आणि लिहून ठेवलं की जगाच्या अंतापर्यंत राहील असा पूल मी बांधलाय. त्याच्या कमानी नदीनं नाही पाडल्या, लढायांत माणसांनी उडवल्या, आणि दर वेळी माणसांनीच परत चढवल्या. दोन हजार वर्षं टिकला म्हणजे दोन हजार वर्षं कुणाला ना कुणाला तो हवा होता. लहानपणी वडिलांचा हात धरून मी आयर्विनच्या कठड्यावरून पूर बघायचो, तेव्हा ते मला पाणी नाही, खांब दाखवायचे. खांबापाशी पाणी कसं फिरतंय बघ, म्हणायचे. 2019 ला याच पुलावर 57 फूट पाणी मोजलं आम्ही. त्या दगडी कमानींविषयी मला जे वाटतं ते घरच्या माणसाविषयी वाटतं तसं आहे.

“सगळं मान्य,” सर म्हणाले. “पण मिस्त्री, तुम्ही बांधलेली माझी 98 सालची गच्ची गळते, त्यावर कुणाचं नाव कोरायचं?”

“तुमचंच!” चाचा उसळले. “स्लॅब टाकल्यावर काय सांगटलं हुतं? चौदा दिस पाणी मारा. तुम्ही तिसऱ्या दिशी कोल्हापूरला साडूच्या लग्नाला गेला!”

“मेव्हण्याच्या!”

“कुणाच्या का असंना, स्लॅब वाळली की! रोमन लोक पाणी मारत बसलं आसतील, साडूच्या लग्नाला गेलं नसतील.”

“आणि 91 सालची कमान?” बंडूनानांनी पस्तीस वर्षांचं जुनं खातं उघडलं. “गणपतीची स्वागत कमान. सर अध्यक्ष. ‘रोमन धर्तीवर करू’ म्हणाले हुते, आठवतंय? दोर वाचवला, बांबू वाचवला.”

“बजेट नव्हतं!”

“बजेट हुतं, सर, वर्गणी मी दिलीया, एकावन्न रुपये. आगमनाच्या मिरवणुकीत बँडवाला खालनं गेला, ढोलाचा दणका बसला आन् कमान सगळी तुमच्या गळ्यात.”

“बरोबर गळ्यात,” चाचा म्हणाले. “हाराऐवजी. ट्राजानला पण असा मान मिळाला न्हाई.”

सर आधी रागावले, मग त्यांनाच हसू फुटलं, इतकं की टोपी खाली पडली आणि भडंगात गेली. प्रणव डोळे पुसत विचारत होता की त्या कमानीचा फोटो आहे का कुणाकडं, त्याला ऑफिसात लावायचाय. बंडूनाना म्हणाले, फोटो आहे, सरांच्या बायकोकडं, पण त्या द्यायच्या नाहीत, दर भांडणाला लागतो त्यांना.

पुलाकडून सायकलवर एक पोरगा आला.

“किती रं?” चाचांनी ओरडून विचारलं.

“साडेचौतीस!”

“खांबापाशी भोवरा?”

पोरगा ब्रेक लावून थांबला. “बघितलं न्हाई, चाचा.”

“जा, बघून ये.”

तो खरंच सायकल वळवून परत गेला. सर टोपीतले शेंगदाणे वेचत होते.