एक स्टार देणाऱ्या ग्राहकाला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार भाऊ. तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्या सीताबर्डीच्या दुकानात तुम्ही चार एरर नाणी (टाकसाळीत छापताना चूक झालेली) आणली, आम्ही ती भिंगातून जेमतेम पाहून बाजूला सारली, ग्रेडिंगला, म्हणजे अस्सलपणा तपासून दर्जाचे गुण देणाऱ्या कंपनीकडे, पाठवायला नकार दिला, आणि हे सगळं ती नाणी तुमच्याकडून स्वस्तात काढून घ्यायला केलं. शेवटी लिहिलंत, "लाखाचा माल चिल्लरच्या भावात मागतात." आरोप चारचौघांत केलात, म्हणून उत्तरही इथेच देतो.

आधी एक सांगतो. ग्रेडिंगला नाणी पाठवली की आम्हाला कमिशन मिळतं. "चारही पाठवून टाकू" म्हटलं असतं तर तुम्ही खूश होऊन गेले असते आणि माझेही पैसे सुटले असते. नाही म्हणण्यात तोटा माझाच होता.

आता ते दहाचं नाणं, ज्याच्यावर तुमचा सगळा जीव आहे. कड्यावरचं 'भारत' सरळ धरलं की मधले सिंह आडवे दिसतात. दिसायला एकदम भारी, मान्य. पण टाकसाळीत कडं आणि मधली चकती एकत्र ठेवून एकाच ठोक्यात छापतात, आणि त्याच दाबानं ती एकमेकांत घट्ट बसतात. कड्यावरची अक्षरं आणि मधले सिंह एकाच डायवर, म्हणजे छापायच्या ठशावर, कोरलेले असतात. डाय फिरला तर सिंह आणि 'भारत' दोन्ही सोबत फिरतील. एकटे सिंह फिरायला मार्गच नाही. म्हणजे छापून झाल्यावर कोणीतरी चकती ठोकून बाहेर काढली आणि फिरवून परत दाबली. सांध्याच्या कडेनं ओरखडे होते, आणि एके ठिकाणी कड्याचा काठ आत दबून चकाकत होता. दहापट भिंग तुमच्याच हातात देऊन हे दाखवलं, तेव्हा तुम्ही "हो, दिसतंय" म्हणालात. रिव्ह्यूत ते आलं नाही. चकती मुळात सरकलेली असताना छापलं गेलेलं नाणं, किंवा चकतीशिवाय नुसत्या कड्यावर पडलेली छाप, असं काही हाती लागलं तर जरूर आणा. ती खरी एरर असते आणि मी स्वतः विकत घेतो.

गंमत म्हणजे याच दहाच्या नाण्याला मध्यंतरी भाजीवाले हात लावत नव्हते. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याची १४ डिझाइन्स आहेत आणि सगळी चालतात. तेव्हा नकली म्हणून परत करत होते, आता लाखाचं म्हणून जपून ठेवून राहिले.

पाचच्या नाण्यावरची 'डबल' अक्षरं म्हणजे मशीन डबलिंग. ठोका बसताना डाय किंचित हलला की अक्षराची कड चेपून पायरीसारखी सपाट होते. डायच दोनदा कोरला गेलेला असेल तर अक्षराची दोन्ही रूपं भरीव उठतात आणि टोकाला खाच दिसते. तुमच्या नाण्यावर सपाट पायरी होती. मशीन डबलिंगला ग्रेडिंगवालेही एरर मानत नाहीत.

एक रुपयाचं स्टीलचं नाणं मात्र खरं आहे, आणि हे मी तेव्हाच बोललो होतो. छाप बाजूला सरकलेली, कोरी चंद्रकोर स्वच्छ, वर्ष शाबूत, त्याच्याखाली हैदराबाद टाकसाळीचा तारा. काट्यावर वजनही बरोबर ४.८५ ग्रॅम भरलं. वर्ष आणि टाकसाळीची खूण दोन्ही दिसणारं ऑफ-सेंटर नाणं लोक शोधत असतात. पण तुम्ही ते भांड्यांच्या पावडरनं घासून आणलंत. तिरकं धरलं की एकाच दिशेच्या बारीक रेघा दिसतात. अशा नाण्याला स्लॅबमध्ये (ग्रेडिंगवाले नाणं सीलबंद करून देतात त्या प्लॅस्टिकच्या डबीत) गुणांचा आकडा मिळत नाही, 'साफ केलेलं' असा शेरा पडतो. एररच्या तपासणीची फी साध्या ग्रेडिंगपेक्षा जास्त, त्यावर जाण्यायेण्याचं कुरिअर, विमा, कर. हे सगळं जोडलं तर खर्च नाण्याच्या भावाच्या वर जातो. मी तुम्हाला कागदावर हिशेब मांडून दिला होता. ७० पैकी किती गुण पडले याला एररच्या नाण्यात तसंही दुय्यम स्थान. स्लॅबचा खरा उपयोग एवढाच की लांबच्या गिऱ्हाइकाला, न पाहता, एरर अस्सल असल्याची खात्री पटते. त्या खात्रीचे पैसे नाण्याच्या किमतीतून निघत असतील तेव्हा मी स्वतःहून पाठवा म्हणतो.

चौथं नाणं तुमच्या आजोबांचं, तांब्याचा पाव आणा. एका बाजूला व्हिक्टोरिया राणीचा चेहरा उठावदार, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट आणि उलटा. आमच्या धंद्यात याला लाखी म्हणतात. आधीचं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच ठसा उमटतो. शिकंज्यात दोन नाणी दाबून खोटी लाखी बनवतात, पण त्यात उठावाची बाजू चपटी होते. तुमच्या नाण्यावर राणीचं नाक आणि मुकुट दोन्ही जागच्या जागी आहेत. चारांत सर्वांत चांगलं हेच. आणि तुमचा सर्वांत मोठा राग याच्यावर, की हे ग्रेडिंगसाठी अमेरिकेला का पाठवलं नाही.

भाऊ, १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यानं शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वर्ष मागच्या बाजूला असायचं, ते या नाण्यावर उमटलंच नाही, म्हणून "सिद्ध कोण करणार?" असं तुम्ही विचारलंत. त्यावर 'एम्प्रेस', म्हणजे सम्राज्ञी, लिहिलंय. ही पदवी नाण्यांवर १८७७ पासून आली आणि राणी १९०१ मध्ये गेली. वय मोजायला एवढं पुरे. तुमच्या आजोबांची वस्तू कस्टममध्ये अडकवायला मी तयार नाही, कमिशन कितीही असो.

बाकी वैष्णोदेवीच्या नाण्याला दहा लाख मिळतात हा व्हिडिओ तुम्ही मला दुकानात दाखवला होता. ती २०१२ ची नाणी आमच्याकडे किरकोळ भावात पडून आहेत, हवी तेवढी घेऊन जा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं कोणी "विक्रीआधी कमिशन भरा" म्हणाला तर एक पैसा देऊ नका. बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि कसलीही फी मागत नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. एक रुपयाच्या नाण्याला सांगितलेला भाव आजही तोच आहे. इतवारीत आणखी दोघांना दाखवा, जास्त मिळाला तर तिथेच द्या. लाखी विकायचीच असेल तर देशातल्या लिलावात लावा, फोटो आणि वजन मी काढून देतो, त्याचे पैसे लागणार नाहीत. दहाचं नाणं मात्र कोणाला एरर म्हणून विकू नका, इथे आता सगळ्यांनी वाचलंय.