मगर बदलली नाही, मग डार्विन कसा खरा?

सांगलीत उत्क्रांतीवर वाद घालायचा असेल तर चुकूनही वाचून येऊ नका. वाचलेला माणूस विनाकारण नरम पडतो. भडंगाची पुडी घ्या, संध्याकाळी आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या घाटावर बसा. पलीकडच्या मळीच्या कडेला पहुडलेल्या मगरीकडे बोट करा नि म्हणा, "डायनासोर गेले, ही तशीच. कुठाय तुमची उत्क्रांती?"

एवढ्यावर निम्मे गडी गार होतात. मगर आहे की ओंडका, हे तपासायला कोण पलीकडं जातंय?

अडचण जीवशास्त्राच्या बाईंची. त्या सांगणार, मगरींचं पूर्वी केवढं मोठं खटलं होतं! वल्ह्यासारख्या पायांनी समुद्रात पोहणारे त्यात होते, मादागास्करचा बोथट तोंडाचा सिमोसुकस तर बहुधा पाला खायचा. आपली मगर ही उरलेल्या फांदीवरची. नदीकाठी दबा धरायला जे अंग सोयीचं, ते पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं, म्हणून बाहेरून फारसं बदललेलं दिसत नाही. म्हणजे निवड थांबलेली नाही, चालू आहे म्हणूनच! हे ऐकताना पुडीत खालचे शेंगदाणे शोधत राहा. बाई दमल्या की विचारा, "मग माकडं अजून का आहेत?"

यावर त्या तुमचे चुलतभाऊ काढतील: ते गावी आहेत म्हणून तुम्ही जन्मलाच नाहीत का? भावकीचा विषय निघाला की विषय बदलावा, हे सांगलीकराला सांगायला नको.

लगेच सीलाकँथ मासा काढा. शास्त्रज्ञांच्या लेखी साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपलेला, आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत जाळ्यात जिवंत! हे उभं राहून म्हणा. जीवाश्मांतल्या कुठल्याच जातीशी तो जुळत नाही, हे बसून, मनातल्या मनात. 'जिवंत जीवाश्म' हा शब्द बिनधास्त फेका. तो खुद्द डार्विननं १८५९ च्या पुस्तकात वापरलाय, एवढं फक्त बोलू नका.

पुराव्याला दहावीचं पुस्तक हवं असेल तर एनसीईआरटीचं दाखवा, २०२३ पासून त्यात उत्क्रांतीचं प्रकरण नाही. आपल्या राज्य मंडळाच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा. म्हणून दहावीतलं पोर घाटावर आणू नये.

मी स्वतः परवा तासभर असा लढलो. बोट शेवटपर्यंत खाली घेतलं नाही. खालच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या मावशी पिळे बादलीत टाकून लगबगीनं वर आल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "त्यो ओंडका हाय, दादा. मगर हिकडं आलीया. पाय वर घ्या."