फोरकास्टमधला ‘फोर’ चार नव्हे

ऑरेंज अलर्ट आला की आमच्या दादरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘फोर म्हणजे चार, कास्ट म्हणजे टाकणे. चार फासे टाकून सांगतात ते फोरकास्ट. म्हणजे भविष्यवाणीच. म्हणूनच वेधशाळेचं कधी खरं होत नाही.’ लोक हसतात आणि छत्री न घेताच लोकल पकडतात. मला मात्र हे हसण्यावारी नेववत नाही.

हा ‘फोर’ आकडा नाहीच. चारचं स्पेलिंगही वेगळं. हा फोर म्हणजे ‘पुढचा’, ‘आधी’, फोरहेडमधला.

कास्ट म्हणजे टाकणे, हे खरं. नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतून तो इंग्रजीत आला. पण मध्ययुगीन इंग्रजीत त्याच क्रियापदाला हिशेब मांडणे, बेत आखणे असेही अर्थ होते आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस फोरकास्ट रुजला तो ‘आधीच आखणी करणे’ या अर्थाने. ‘पुढचं सांगणे’ हा अर्थ नंतरचा. आणि फेकण्यावरूनच शब्दाला नावं ठेवायची, तर आपला ‘अंदाज’ तरी कुठे सुटतो? फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तिरंदाज त्यातलाच, गोलंदाजही. शिवाजी पार्कात चेंडू टाकणारा पोरगा आणि हवामानाचा अंदाज, दोघांचं मूळ एकच!

भविष्यवाणीचा आरोप तर साफ उलटा आहे. हवामानासाठी हा शब्द रूढ केला रॉबर्ट फिट्झरॉय यांनी. डार्विन ज्या बीगल जहाजातून गेला, त्याचे हे कप्तान. ऑक्टोबर १८५९ मध्ये रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर तारेने ठिकठिकाणच्या नोंदी मागवून फिट्झरॉय वादळाचे इशारे देऊ लागले आणि १ ऑगस्ट १८६१ पासून ‘द टाइम्स’मध्ये त्यांचे अंदाज छापून येऊ लागले. ही भविष्यवाणी नव्हे, शास्त्रीय गणितातून निघालेलं मत आहे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं. शब्द निवडला तोच हा फरक दाखवायला.

राहिलं ‘कधी खरं होत नाही’. वेधशाळा ‘तुरळक ठिकाणी’ म्हणते तेव्हा त्या भागातल्या पर्जन्यमापन केंद्रांपैकी फार तर पाव केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. दादर कोरडं राहिलं म्हणून तो अंदाज खोटा ठरत नाही. २६ जुलै २००५ ला, त्याच चोवीस तासांत, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि कुलाब्याला जेमतेम ७३.