मोठा जी, धाकला जी

परीक्षा पोराची असली तरी पुस्तक हातात धरून समोर बसायची शिक्षा बापालाच होते. दहावीच्या विज्ञान भाग १ चा पेपर जवळ आला तशी आमच्या घरात कामांची वाटणी झाली. मराठी, इतिहास बायकोकडे. केमिस्ट्री क्लासच्या सरांच्या भरवशावर. फिजिक्सची सूत्रं माझ्या गळ्यात, कारण माझं चाळीसगावात मोटारी बांधायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, आतलं काळं पडलेलं वाइंडिंग काढून नवं तांबं भरायचं, असा धंदा. "उभा जन्म लाइटीत गेला तुमचा, पोराला चार सूत्रं नाही विचारता येणार?" असं बायकोनं म्हटल्यावर नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

चष्मा पुसला, पुस्तक उघडलं आणि दमात विचारलं, "सांग, व्ही म्हणजे काय?"

"कोणता व्ही?"

मला वाटलं, पोरगा टाइमपास करतोय. पण नाही. गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात व्ही म्हणजे शेवटचा वेग. विजेच्या धड्यात तोच व्ही विभवांतर होऊन बसतो. भिंगात गेला की प्रतिमेचं अंतर. यू इकडे सुरुवातीचा वेग, तिकडे वस्तूचं अंतर. एम तर वस्तुमानही आहे, मीटरही आहे आणि वेळ पडली तर विशालनही आहे. आमच्या गल्लीत 'ओ पाटील' अशी हाक मारली की आठ दारं उघडतात, तशातली गत. इंग्रजीत सव्वीस अक्षरं असताना या शास्त्रज्ञांनी पाच-सहा अक्षरांवरच सगळा संसार का रेटला, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

त्यातही जी. मोठा जी आणि छोटा जी. छोटा म्हणजे पडणाऱ्या वस्तूचं त्वरण, ९.८, तो बरा, भाजीच्या पिशवीसारखा हातात धरता येतो. मोठा म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक, ६.६७ गुणिले दहाचा उणे अकरावा घात. चिरंजीव झाडावरून पडणाऱ्या कैरीला बिनदिक्कत मोठा जी लावायचे. त्यांच्या हिशेबानं ती कैरी खाली पोचायला चार-पाच दिवस लागले असते. मी ओरडतोय, तो चिडतोय, आणि पलीकडे माझी आई बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, घाटा ढवळत बसलेली. तिनं हात न थांबवता अहिराणीत निकाल दिला.

"एवढं काय भांडी राहिनात? मोठा जी ना पोऱ्या व्हई धाकला जी."

म्हणजे धाकटा जी हा मोठ्या जीचा पोरगा असेल. आम्ही हसलो. मग पोरानं पान उलटलं आणि गप्पच झाला. तिथं छापलेलंच होतं: मोठा जी घ्या, पृथ्वीच्या वस्तुमानानं गुणा, त्रिज्येच्या वर्गानं भागा, छोटा जी तयार. म्हणजे बापाचं नाव लावल्याशिवाय पोराची किंमत निघत नाही. आईची शाळा चौथीत सुटली. त्या दिवसापासून दोन्ही जींची गल्लत झाली नाही, पण आईचा भाव मात्र वाढला. मग ती डायॉप्टरवरही, म्हणजे भिंगाच्या शक्तीच्या एककावरही, मत द्यायला लागली.

विजेच्या धड्याची मी वाट बघत होतो. तिथं माझं राज्य. जूलचा नियम आला. उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध गुणिले वेळ. मी पुस्तक मिटलं आणि सांगायला लागलो. बघ, रात्रीची लाइट असते, सगळ्या शिवारातल्या मोटारी एकदम चालू होतात, व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटार करंट जास्त ओढते. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. वार्निश जळतं, वास सुटतो, आणि सकाळी शेतकरी ट्रॅक्टरमध्ये मोटार घालून आपल्या दुकानात येतो. तुझ्या क्लासची फी, तुझी सायकल, सगळं त्या वर्गातून निघालंय.

पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. "पप्पा, ट्रॅक्टर लिहिला तर मार्क कापतील. सूत्र, मग किमती, मग एकक."

पुढे फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम. तर्जनी चुंबकीय क्षेत्राकडे, मधलं बोट विद्युतधारेकडे, तर तारेवरचं बल अंगठ्याच्या दिशेनं. इतकी वर्षं मोटारी बांधतोय, पण बोटं वाकवून बघायची वेळ कधी आली नाही. थ्री फेजची मोटार उलटी फिरली तर दोन वायरींची अदलाबदल करायची, विषय संपला. हे ऐकून पोरानं माझ्याकडे जरा दयेनं बघितलं. नियम पाठ व्हावा म्हणून तो जाता-येता डावा हात पुढे करून तीन बोटं ताणायला लागला. दुकानाबाहेर उभा राहून असाच सराव करत होता, तर समोरच्या टपरीवाल्यानं तीन कट चहा पाठवले.

आरशाचं आणि भिंगाचं सूत्र जुळ्या भावांसारखं. आरशात एक छेद व्ही अधिक एक छेद यू, भिंगात अधिकच्या जागी उणे. बायकोनं अधिकचा कागद मोरीतल्या आरशावर चिकटवला. युक्ती बरी होती, पण दाढी करताना मला माझा निम्माच चेहरा दिसायचा. उण्याचा कागद गच्चीच्या दाराला. गच्चीवर आईच्या बिबड्या वाळत होत्या आणि कावळे हाकलायची ड्यूटी पोराकडे होती. मार्चातच खानदेशचं ऊन असं की तिथं उष्णतेचा धडा वेगळा काढायची गरज नव्हती. तो मुक्तिवेग, मुक्तिवेग, ११.२ किलोमीटर प्रति सेकंद असं ओरडत काठी आपटायचा. पृथ्वीच्या ओढीतून कायमचं निसटायला लागतो तो हा वेग. कावळ्यांनी तेवढा काही घेतला नाही. चार बिबड्या गेल्या.

शेजारचे निवृत्त गुरुजी धीर द्यायला आले. म्हणाले, "न्यूटनचं कौतुक कशाला? पृथ्वी जड वस्तूला आपल्याकडे ओढते, हे आपल्या पाटणच्या भास्कराचार्यांनी ११५० साली श्लोकात लिहून ठेवलंय."

पोरानं घाबरून विचारलं, "त्यांनी मोठ्या जीची किंमत दिलीय?"

"नाही."

"चांगली माणसं होती."

गुरुजी मग शिलालेखावर घसरले. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, पाटणला मठ काढला, त्याचा १२०७ चा लेख तिथं आहे. म्हणजे क्लासची परंपरा आमच्या तालुक्यात आठशे वर्षांची! मठाच्या खर्चासाठी जितके तेलाचे घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल लावून दिलं होतं, हे ऐकून मला भरून आलं. आताच्या क्लासवाल्यांना पळीभर तेल देऊन बघायला हवं.

पेपर झाला. पोरगा सेंटरबाहेर आला तो हसत. जीचा प्रश्न सुटला, भिंगाचं उणे आठवलं, मुक्तिवेग विचारलाच नाही. "आता परवा भाग २, पप्पा. त्यात सूत्रं नाहीत." मी सुटकेचा श्वास सोडत घरी आलो, तर बायकोनं भाग २ चं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. पहिला धडा, आनुवंशिकता व उत्क्रांती.

"यामा काय शे?" आईनं विचारलं.

"बापाचे गुण पोरात कसे उतरतात ते," बायको म्हणाली.

आईनं माझ्याकडे एकदा बघितलं, पोराकडे एकदा. "मंग पोऱ्यानी काय चुकी शे?"