कातळशिल्पामुळे जमीन जाते म्हणे! हा मेसेज पुढे पाठवण्याआधी हे वाचा

राजापूर-रत्नागिरीकडच्या ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की सड्यावरची, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरची कातळशिल्पं (कातळात कोरलेली मोठाली चित्रं) परग्रहावरच्या लोकांनी कोरलीत, नाहीतर हल्लीच कोणीतरी मुद्दाम कोरलीत (दोन्ही दावे एकाच मेसेजमध्ये), कार्बन डेटिंग (वय काढायची चाचणी) झालेलं नाही, सडा तसाही पडीक आहे, युनेस्कोच्या यादीत नाव गेलं की जमीन कायमची गेली, तेव्हा तुमच्या कातळावर चित्र असेल तर अधिकारी यायच्या आत जेसीबी लावून मोकळे व्हा. माझ्या मामांनी तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "आपल्या सड्यावरच्या चित्राचं काय करूया?" मामा असं विचारतायत म्हणजे गावात अजून चारजण हाच विचार करत असणार, म्हणून लिहायला बसलो.

आधी जमिनीचंच बोलू, कारण बाकी सगळं त्या भीतीवर उभं केलंय. 2022 साली कोकणातली नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली, कुडोपी सिंधुदुर्गातलं आणि एक गोव्यातलं. ही यादी म्हणजे आपल्याच सरकारने पाठवलेली नावं, पुढेमागे प्रस्ताव करायचा म्हणून. त्याने सातबाऱ्यावरचं एक अक्षर बदलत नाही. आणि उद्या खरंच जागतिक वारसा झाला तरी काय होतं ते 1972 च्या जागतिक वारसा कराराच्या सहाव्या कलमात लिहिलंय. देशाच्या सार्वभौमत्वाचा पूर्ण मान राखून आणि त्या देशाच्या कायद्याने दिलेल्या मालमत्तेच्या हक्कांना धक्का न लावता, अशा अर्थाचे शब्द आहेत तिथे. भारताने हा करार 1977 मध्ये मान्य केलाय. मेसेज लिहिणाऱ्याने हे एक कलम वाचलं असतं तरी पुरलं असतं. 2025 मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा झाले, त्यात आपला विजयदुर्ग आहे, सुवर्णदुर्ग आहे, आणि पन्हाळाही आहे जिथे गडावर अख्खं गाव राहतं. वारसा झाला म्हणून युनेस्कोच्या नावावर नाही झालं ते गाव.

आता अर्धं खरं काय ते पण सांगतो. आपल्या राज्याने एखादी जागा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर केली तर तेवढ्या भागात परवानगीशिवाय खोदता येत नाही, जांभ्याचे चिरे कापायची खाण तर नाहीच. ज्याचं घर खाणीवर चालतं त्याला हे टोचणार, मला कळतं, आमचं घरही चिऱ्याचंच आहे. पण मग मोबदला मागा, चित्राला धक्का न लावता हद्द आखून द्या म्हणा, ग्रामसभेत भांडा. उक्षीला हत्तीच्या चित्राभोवती चिऱ्यांचा कठडा उभा राहिला आणि लोक ते बघायला येतात, हेही होऊ शकतं की.

आणि जेसीबीचं जे लिहिलंय ना, ते वाचून मला खरोखर संताप आला. ही चित्रं कातळात जेमतेम काही बोटं खोल आहेत, बकेटचा एक दात फिरला की संपलं, ते परत कोणी आणून देणार नाही. कशेळीचा हत्ती साधारण अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत, त्यात मासे आहेत, मुशी आहेत, पाकट आहेत. परग्रहावरून आलेला कोणी पाकट कशाला कोरत बसेल? समुद्राकाठी राहणाऱ्या, ते मासे रोज बघणाऱ्या माणसांचं काम आहे ते. काही ठिकाणी गेंडा आहे जो आज कोकणात कुठेच नाही, म्हणजे ज्यांनी कोरला त्यांना तो माहीत होता. मग हे हल्लीचं कसं असेल? देवाचे गोठणे इथे होकायंत्र चुकीची दिशा दाखवतं हे मात्र खरं आहे, पण जांभा लोहाने भरलेला दगड आहे, त्यात चुंबकीय खनिजं असतात, त्याला परग्रहवासी लागत नाहीत.

कार्बन डेटिंगचं म्हणाल तर ते हाड, कोळसा, लाकूड असल्या वस्तूंचं होतं. दगडातल्या खाचेचं होतच नाही, त्यामुळे "झालं नाही" हा पुरावा नाही.

सडा पडीक म्हणणाऱ्याने श्रावणात एकदा वर चढून यावं. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू अशी इवली रानफुलं, पाण्याने भरलेली डबकी, त्यात बेडकांची पिल्लं. पावसाचं पाणी त्याच जांभ्यातून मुरतं आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना, झऱ्यांना उतरतं. सडा खणून काढला की फेब्रुवारीतच टँकरला फोन करायची वेळ येईल.

मामांना मी सांगितलंय, चित्रावर माती टाकायची नाही, चुना भरायचा नाही, वरून गाडी न्यायची नाही. मोबाईलवर फोटो काढा, गट नंबर लिहून ठेवा आणि रत्नागिरीला पुरातत्त्व विभागाच्या ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तुमच्या ग्रुपवर तो मेसेज आला असेल तर त्याच्याखाली हे टाका, आणि ज्याने पाठवलाय त्याला कराराचं सहावं कलम वाचायला सांगा.